पक्षीनिरीक्षण सुरू करायचंय: दुर्बीण कोणती घ्यावी, आणि त्याआधी काय?

मोगरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पक्षी बघायचा नाद लागतोय असं दिसतंय, म्हणून हा धागा. कावळा, चिमणी, पोपट, साळुंकी यांच्यापलीकडे मला फारसं ओळखता येत नाही. पण लक्ष द्यायला लागल्यापासून रोजच्याच झाडावर किती वेगवेगळे पक्षी येऊन जातात ते दिसायला लागलंय, आणि आता नावं कळल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी दुर्बीण घ्यावी की चांगला झूम असलेला कॅमेरा? दुर्बीण घ्यायची तर ८×४२, १०×४२, १०×२५, २०×५० असले आकडे दिसतात. जितका मोठा आकडा तितकी चांगली, असं असतं का? मला चष्मा आहे, तो काढून बघायचं की लावून? पुस्तक घ्यावं की मोबाईलवरचं ॲप पुरतं? शिवाय या छंदातलं ओळखीचं कोणी नाही, तर एकटीनं सुरुवात करता येते का?

एकदाच घेऊन बरीच वर्षं वापरता येईल असं काहीतरी हवंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रानवाट

स्वागत. प्रश्न नेमके विचारलेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दुर्बीण आधी. कॅमेरा नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही घेतला तरी चालतं. पण दुर्बिणीच्याही आधी एक काम आहे आणि त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. घराच्या खिडकीतून किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर जे आठ-दहा पक्षी रोज दिसतात, ते इतके पक्के करा की पाठमोरे, सावलीत, उडताना, कसेही दिसले तरी ओळखू यावेत. साळुंकी उडाली की पंखात पांढरा ठिपका चमकतो. बुलबुलाच्या डोक्यावर तुरा असतो. घारीची शेपटी टोकाला खाच पडल्यासारखी दुभंगलेली असते, आकाशात कितीही उंच असली तरी ते कळतं. हे अंगवळणी पडलं की नवा पक्षी आपोआप वेगळा दिसतो, कारण तो यातला कुठलाच नाही हे लगेच लक्षात येतं. नवख्या माणसाला सगळे पक्षी अनोळखी, म्हणून तो दुर्मीळ पक्षी शोधायला लांब जातो आणि घरासमोरच्या दयाळाचं नावही त्याला ठाऊक नसतं.

आता आकडे. ८×४२ मधला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं तो. आठपट म्हणजे ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं मोठं तितका जास्त प्रकाश आत येतो, आणि तितकंच वजनही वाढतं.

दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्याकडच्या बाजूनं जो प्रकाशाचा गोल बाहेर पडतो, त्याचा हा व्यास, सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ चा ४.२, ८×३२ चा ४, आणि १०×२५ चा फक्त अडीच. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा अडीचचा गोलही पुरतो. पण पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात ती उजाडताना आणि मावळतीला. त्या वेळी बाहुली मोठी झालेली असते, झाडाखाली सावली असते, आणि १०×२५ मधून पक्षी काळपट दिसतो. शिवाय गोल बारीक असला की डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं होतं. खिशात मावते म्हणून छोटी दुर्बीण मोहात पाडते, पण पहिली आणि एकमेव म्हणून ती घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण हा समज तर मनातून काढूनच टाका. दहापट, वीसपट मोठं होतं तेव्हा हाताची थरथरही तितकीच पट मोठी होते. वीसपटवाली दुर्बीण हातात धरून पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचं कडं बघता येत नाही, ती तिपाईवरच लावावी लागते. आणि पट वाढली की दिसणारा टापू आक्रसतो. साधारण आठपटच्या दुर्बिणीत १००० मीटरवर १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटमध्ये ११० ते ११५ च्या आसपास. पानांच्या गर्दीतला चिमुकला पक्षी शोधताना हा फरक फार मोठा असतो.

पट कमीजास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणी आणि लालभडक चमकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी, दोन्ही टाळा. झूमवालीत कमी पटीला टापू अरुंद असतो आणि जास्त पटीला चित्र अंधूक. लाल लेपामुळे तांबडा प्रकाश परत फेकला जातो आणि पक्ष्याचे रंग बिघडतात. ज्या छंदात पोट पिवळसर आहे की मळकट पांढरं यावर ओळख ठरते, तिथे हे परवडत नाही.

थोडक्यात, ८×४२ घ्या. वजन जड वाटलं तर ८×३२. चष्म्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

फोकस_पॉइंट

रानवाट यांच्याशी बरंचसं सहमत, पण कॅमेऱ्याला इतकं बाजूला सारू नये. मी कॅमेऱ्यानंच शिकलो. नवशिक्याला पक्षी दोन सेकंद दिसतो, मग पुस्तक उघडेपर्यंत चोचीचा रंग कोणता होता तेच आठवत नाही. फोटो असला की घरी निवांत बसून बघता येतं, चार लोकांना विचारता येतं. उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर फोटोशिवाय पंखांखालची नक्षी कळणं अवघडच. लेन्स न बदलता येणारे, लांब झूमचे कॅमेरे त्यासाठी पुरेसे आहेत, मोठ्या लेन्सचा बोजा नको.

रानवाट

@फोकस_पॉइंट, शिकारी पक्ष्यांचा मुद्दा मान्य. नोंद पटवून द्यायला फोटोइतका पुरावा दुसरा नाही, हेही खरं.

माझं म्हणणं वेगळं आहे. कॅमेरा हातात असला की लक्ष फोटो मिळवण्याकडे जातं आणि पक्षी बसल्या जागी काय करतोय ते बघायचं राहतं. दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी सलग पाच मिनिटं बघितलं की तो किडा कसा पकडतो, शेपूट कशी हलवतो, दुसऱ्यावर कसा धावून जातो हे सगळं दिसतं, आणि ओळख बरेचदा त्यातूनच पटते. फोटोत आकाराचा अंदाज येत नाही, उजेडाप्रमाणे रंग बदलतात, आणि क्षणभराची एखादी विचित्र ढब कायमची वाटायला लागते. दोन सेकंदच पक्षी दिसला तर त्या दोन सेकंदांत काय बघायचं हे शिकावं लागतं, आणि ते दुर्बिणीनं लवकर येतं.

मोगरा, चष्म्याबद्दल. फक्त लांबचा किंवा फक्त जवळचा नंबर असेल तर तो फोकसच्या चाकानं भरून निघतो, चष्मा काढूनही बघता येईल. सिलिंडरचा नंबर असेल तर तो चाकानं भरून निघत नाही, चष्मा ठेवावा लागतो. पण माझ्या मते नंबर कोणताही असो, चष्मा लावूनच बघायची सवय करा. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचा असतो. चष्मा काढ, दुर्बीण लाव, पुन्हा चष्मा घाल, यात पक्षी उडून जातो.

त्यासाठी दुर्बिणीच्या माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ हा आकडा बघा. डोळा भिंगापासून किती लांब असताना पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मेवाल्यांना किमान १५-१६ मिलिमीटर हवं, थोडं जास्त असेल तर उत्तम. कमी असलं तर कडा कापल्या जातात आणि बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. डोळ्याजवळचे रबरी कप फिरवून आत-बाहेर होतात. चष्मा असेल तर ते पूर्ण आत ठेवायचे.

माळरान

सगळीकडे आठपटच बरी हे मला पटत नाही. मी मोकळ्या गवताळ भागात आणि तळ्याकाठी जास्त फिरतो. तिथे पक्षी लांब असतात, मधे झाडोरा नसतो, त्यामुळे टापू अरुंद असला तरी अडत नाही. दोनशे मीटरवरच्या चिखलात उभ्या असलेल्या तुतवाराच्या पायांचा रंग बघायचा तर दहापट उपयोगी पडते. हात स्थिर असेल आणि फिरणं मुख्यतः उघड्यावर असेल तर १०×४२ चा जरूर विचार करावा. जंगलात, बागेत, घराजवळ फिरणाऱ्यांना आठपट.

गच्चीकर

वयस्कर वाचकांसाठी लिहितो. हात कापत असतील तर आठपटच्या वर अजिबात जाऊ नये, सातपटही छान चालते. वयाप्रमाणे बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. तरुणपणी अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली उतारवयात पाचच्या आसपास थांबते, त्यामुळे ५० मिलिमीटरच्या जड भिंगांचा वाढीव उजेड आमच्या डोळ्यांत शिरतच नाही. हलकी दुर्बीण घ्यावी, कोपर कठड्यावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवावं. मानेवर ताण येऊ नये म्हणून पाठीवरून दोन्ही खांद्यांवर येणारा पट्टा मिळतो तो वापरावा. पाऊण किलो वजन तासभर मानेला लटकत राहिलं की जाणवतं.

आणि फिरायला गेलंच पाहिजे असंही नाही. एकाच गच्चीवरून वर्षभर बघत राहिलं की कोण कधी येतं, कधी जातं, कुणाची वीण कधी सुरू होते हे उलगडत जातं. रोज नवी जागा धुंडाळणाऱ्याला हे कळायला फार वेळ लागतो.

मोगरा

सर्वांचे मनापासून आभार! दुर्बीण अजून घेतलेली नाही, पण रानवाट म्हणाले तसं नुसत्या डोळ्यांनी बघणं सुरू केलंय. आज एक काळा-पांढरा पक्षी दिसला. चिमणीपेक्षा बराच मोठा, लांब शेपटीचा. वर काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. पुस्तकातली चित्रं बघून दयाळ वाटतोय. बरोबर आहे का?

कुहू

असू शकेल, पण काळे-पांढरे बरेच आहेत, रंगावरून ठरवू नका. थोडं आठवून सांगा: कुठे होता? जमिनीवर चालत होता की टुणटुण उड्या मारत होता? शेपूट काय करत होता? डोळ्यावर काही रेघ दिसली का? उडाला तेव्हा सरळ गेला की लाटेसारखा?

मोगरा

पाण्याच्या टाकीच्या काठावर होता. अगदी माणसासारखा एकेक पाऊल टाकत चालत होता, मधेच पळत होता. शेपूट सारखी वरखाली करत होता, थांबतच नव्हता. डोळ्याच्या वर पांढरी रेघ होती, हे नक्की आठवतंय. उडताना वर-खाली, वर-खाली असा गेला आणि चिवचिव करत गेला.

कुहू

मग हा थोरला धोबी. तुम्ही पक्षी उत्तम बघितलात, कारण जे सांगितलंत त्यात सगळं आलं. दयाळ पाण्याला चिकटून राहत नाही. जमिनीवर तो उड्या मारत जातो आणि शेपूट बरेचदा वर उभारून धरतो. त्याला पांढरी भुवई नसते. धोब्याचं चालणं, शेपूट वरखाली आपटणं आणि लाटेसारखं उडणं, हे इतकं त्याचं स्वतःचं आहे की रंग दिसला नाही तरी ओळखता येतो.

याच गोंधळातला तिसरा गप्पीदास. तो चिमणीहून लहान, आखूड शेपटीचा, बहुतेक काळाच. झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसतो, खाली झेप घेऊन किडा उचलतो आणि परत वर येतो. पंखावर आणि कमरेवर पांढरा डाग असतो, तो उडताना जास्त दिसतो.

आकार, ढब, शेपूट, चोच, वागणं, जागा आणि मग रंग, या क्रमानं बघायची सवय लावा. रंग शेवटी ठेवायचं कारण असं की नर-मादी वेगळे असतात, पिल्लं आणखी वेगळी. दयाळाच्या नराचा काळा भाग मादीत राखाडी असतो. कोकिळ नर काळा कुळकुळीत आणि मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. पुष्कळ लोक दोघांना वेगळे पक्षी समजतात. वंचक तर बसला की मातकट रंगाचा, चिखलात शोधून सापडत नाही, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र. त्याचे पंख पांढरे असतात, बसल्यावर मिटून झाकले जातात.

मोगरा

वंचक! मग आमच्या नाल्यावर अचानक पांढरा बगळा कुठून उडतो, हे कोडं आज सुटलं.

रानवाट

@कुहू, फार सुंदर लिहिलंत. यात एक भर घालतो: वही ठेवा. पक्षी समोर असतानाच चार शब्द लिहा, जमलं तर ओबडधोबड चित्र काढा आणि त्यावर बाण काढून ‘इथे पांढरं’, ‘चोच जाड’ असं टिपा. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. काढायला बसलं की चोचीच्या लांबीकडे, शेपटीच्या टोकाकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि पुस्तक उघडायच्या आधीच अर्धी ओळख पटलेली असते. पुस्तक आधी उघडलं तर चित्रात जे आहे तेच दिसलं होतं असं वाटायला लागतं.

पुस्तक घेताना फोटोंपेक्षा हातानं काढलेली चित्रं असलेलं घ्या. एका पानावर जवळचे सगळे भाऊबंद शेजारी-शेजारी, एकाच ढबीत आणि एकाच उजेडात दाखवलेले असतात, त्यामुळे फरक चटकन कळतो. आणि पुस्तक आपल्याच भूभागाचं असावं. संपूर्ण खंडाचं जाडजूड पुस्तक नवशिक्याला गोंधळात पाडतं.

सहावीची_आई

मुलीला (वय ११) फार आवड आहे. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या खेळण्यातल्या दुर्बिणी घेऊ का?

रानवाट

नको. प्लॅस्टिकच्या भिंगांतून धूसर दिसतं, मूल दोनदा बघतं आणि कंटाळतं. सहा किंवा आठपटची, ३० मिलिमीटरच्या आसपासच्या भिंगांची हलकी खरी दुर्बीण द्या. एक गोष्ट मात्र मुलीला बरोबर नेऊन तपासा: मुलांचे डोळे जवळजवळ असतात. दुर्बीण मधल्या बिजागरीवर पुरेशी मिटली पाहिजे, नाहीतर तिला दोन वेगवेगळे गोल दिसत राहतील.

कुहू

कानांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी आधी ऐकते, मग बघते. दाट झाडीत पक्ष्यांचा पत्ता बहुतेक वेळा आवाजावरूनच लागतो. सुरुवात सोप्या आवाजांपासून करावी. तांबटाचं एकाच तालातलं ‘टुक् टुक् टुक्’ एकदा कळलं की कधी विसरत नाही, आणि गाताना तो मान फिरवत राहतो म्हणून आवाज नक्की कुठून येतोय हे कळायला वेळ का लागतो तेही समजतं. भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज, शिंप्याचं खणखणीत ‘टुविट् टुविट्’. शिंपी एवढासा, बोटभर, पण आवाज ऐकून कोणी मोठा पक्षी शोधत बसावं.

मोबाईलवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आहे. २०२१ पासून त्यात आवाजावरून ओळखायची सोय आहे. ते आवाजाचा आलेख काढतं आणि तो जुळवून बघतं. आपल्या भागाचा पक्ष्यांचा संच आधी उतरवून ठेवला की नेटवर्क नसलेल्या जागीही चालतं. पण त्यानं नाव सांगितलं म्हणजे ओळख झाली असं समजू नका. कोतवालाच्या कुळातला भृंगराज इतरांच्या हुबेहूब नकला करतो, तिथे ॲप सहज फसतं. त्यानं सुचवलेलं नाव घ्यायचं, मग पक्षी डोळ्यांनी शोधून खात्री करायची. दोन-तीनदा असं केलं की तो आवाज आपल्या डोक्यात बसतो आणि ॲपची गरज उरत नाही.

पाणथळ

छान चाललाय धागा. मोबाईलचा विषय निघालाच आहे तर अगदी कळकळीनं सांगते: पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणंपिणं, घरटं सोडून शत्रू शोधत फिरतो. विणीच्या दिवसांत हे रोज चार गटांनी येऊन केलं तर त्या जोडीचं काय होत असेल, याचा विचार करा.

घरट्याजवळ जाऊ नका. आपण गेलो की पालक उडतात, अंडी उघडी पडतात, आणि आपल्यावर लक्ष ठेवून असलेल्या कावळ्याला घरट्याची जागा कळते. फोटो नीट यावा म्हणून आडवी फांदी वाकवणं किंवा तोडणं तर फारच वाईट, ती सावली पिल्लांसाठीच असते. घरट्याचा फोटो, ठिकाण कुठेही टाकू नका. पक्षी आपल्याकडे एकटक बघायला लागला, ओरडायला लागला किंवा चोचीत किडा धरून नुसताच इकडून तिकडे उड्या मारत राहिला, तर आपण फार जवळ आलोय. लगेच मागे सरायचं.

कपड्यांबद्दल लोक फार बोलतात. भडक नकोत हे बरोबर, पण कपड्यांपेक्षा पक्षी बुजतात ते झटक्याच्या हालचालीला आणि बोलण्याला. एका जागी दहा मिनिटं गप्प बसून राहिलं की आपण आल्यावर दडलेले पक्षी पुन्हा बाहेर येतात.

माळरान

पाणथळ यांना जोरदार अनुमोदन.

एकटीनं सुरुवात करता येते का, या प्रश्नाला उत्तर राहिलं. येते, अगदी छान येते. नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायला लागा म्हणजे एकटेपणाही राहत नाही. कॉर्नेलची ती प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. किती वाजता सुरुवात केली, किती वेळ, किती अंतर चाललात आणि कोणता पक्षी किती, एवढंच भरायचं. ओळखू आलेले सगळे पक्षी लिहायचे, फक्त भारी वाटलेले नाहीत. कावळे, कबुतरं लोक लिहीतच नाहीत, आणि मग नेहमीचे पक्षी घटत चालले तरी कोणाला पत्ता लागत नाही. चिमण्या कमी झाल्या असं सगळे म्हणतात, पण पूर्वी किती होत्या हे कोणी मोजून ठेवलेलं नसतं. ज्या पक्ष्यांना शिकारीचा, तस्करीचा धोका आहे त्यांची ठिकाणं ई-बर्ड उघड दाखवत नाही, ते चांगलंच आहे.

दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो, १९९८ मध्ये सुरू झालेला आणि २०१३ पासून जगभर. एका जागी किमान १५ मिनिटं पक्षी मोजायचे, बस. नवशिक्याला सुरुवातीसाठी याहून सोपं निमित्त नाही.

मोगरा

हे सगळं वाचून ८×४२ वर शिक्कामोर्तब. सिलिंडरचा नंबर आहे, त्यामुळे चष्मा लावूनच बघणार. आता दुकानात हातात घेतल्यावर काय तपासू? दोन प्रकार दिसतात, सरळ नळ्यांच्या आणि मधे रुंद झालेल्या जुन्या धर्तीच्या. त्यात काय फरक?

रानवाट

प्रिझम म्हणजे दुर्बिणीच्या आतला, उलटं चित्र सरळ करणारा काचेचा लोलक. रुंद दिसणाऱ्या त्या पोरो प्रिझमच्या. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ मध्ये त्या रचनेचं पेटंट घेतलं. सरळ नळ्यांच्या त्या रूफ प्रिझमच्या. रूफ बनवायला जास्त अचूक काम लागतं, त्यामुळे कमी खर्चात चांगलं चित्र हवं असेल तर पोरो अजूनही बाजी मारते. पण ती बोजड असते आणि तिच्यात पाणी-धूळ शिरू न देणं अवघड जातं. रोज बाहेर नेणार असाल, पावसात भिजण्याची शक्यता असेल, तर रूफ घ्या, आतून नायट्रोजन भरून बंद केलेली. थंडीतून दमट हवेत आल्यावर अशी दुर्बीण आतून वाफ धरत नाही. रूफ घेताना प्रिझमला ‘फेज कोटिंग’ आहे का ते विचारा, बारीक पिसांचा रेखीवपणा त्यावर अवलंबून असतो. आणि भिंगांवर ‘फुली मल्टीकोटेड’ लिहिलेलं असावं. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टीकोटेड’ म्हणजे काही भिंगं लेपाशिवाय किंवा एकाच थराची असू शकतात.

दुर्बीण हात लांब करून उजळ आकाशाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगात दिसणारे प्रकाशाचे गोल बघा. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारखे, चौकोनी वाटले तर प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचा असण्याची शक्यता दाट. मग डोळ्याला लावून लांबची एखादी आडवी रेघ, तार किंवा कठडा बघा. दोन चित्रं दिसली, किंवा एकच दिसूनही डोळे ओढल्यासारखे वाटले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण घेऊ नका, डोकेदुखी होते. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात, म्हणून दाराशी येऊन सावलीतल्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघा. जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो तेही बघा, दोन मीटरपर्यंत यायला हवा. फुलपाखरं आणि चतुर बघायला त्याचा फार उपयोग होतो. आणि चष्मा लावून कडेपर्यंत पूर्ण गोल दिसतोय ना, हे सर्वांत शेवटी पुन्हा तपासा.

घरी आणल्यावर आधी डोळ्यांप्रमाणे लावून घ्या. बिजागरीनं दोन गोलांचा एक गोल करा. उजवं पुढचं भिंग हातानं झाका आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाका आणि मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. त्या कडीची जागा लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. दुर्बीण चांगली असूनही ‘मला नीट दिसत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी हे एकदाही केलेलं नसतं.

गच्चीकर

आणि भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसू नये. धुळीचे कण काचेवर घासले जातात आणि लेप जातो. आधी फुंकणीनं धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि अगदी डाग असेल तरच भिंगाचं द्रावण मऊ कापडावर घेऊन हलकेच पुसावं. पावसाळ्यात ओलसर पिशवीत ठेवली तर आत बुरशी धरते, जाळं पसरल्यासारखी, आणि ती काचेला खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही, चुकूनही नेऊ नये.

मोगरा

दुर्बीण आली! चित्र इतकं लख्ख आहे की पानावरची शीर दिसते. पण पक्षीच सापडत नाही. झाडात तो दिसतो, दुर्बीण लावली की नुसती पानं. इकडेतिकडे शोधेपर्यंत तो गेलेला असतो.

रानवाट

अभिनंदन! हे सगळ्यांचंच होतं, उपाय सोपा आहे. पक्ष्यावरची नजर काढायची नाही. नजर तिथेच खिळवून ठेवून दुर्बीण खालून डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण मान खाली घालून आधी दुर्बिणीकडे बघतात, मग वर, आणि तेवढ्यात दिशा चुकते. पक्षी कुठे आहे याची खूणही आधीच धरून ठेवा: वाळकी फांदी, तिच्या डावीकडे फुटलेला फाटा, फाट्याच्या टोकाशी. दुर्बिणीत पक्षी नाही मिळाला तर आधी ती वाळकी फांदी शोधायची आणि तिथून पुढे सरकायचं.

सराव आधी न हलणाऱ्या वस्तूंवर करा. मग काठावर उभ्या बगळ्यावर, मग तारेवरच्या खंड्यावर. त्यानंतर वेडा राघू घ्या. तो उडून हवेत किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो, आपटून खातो. तो उडाला की त्याच्या मागे दुर्बीण फिरवू नका, रिकाम्या फांदीवर फोकस करून थांबा.

कुहू

आणि नाचऱ्याच्या मागे एवढ्यात लागू नका. शेपटीचा पंखा उघडून तो एका जागी क्षणभरही टिकत नाही. त्याला महिनाभरानं घ्या.